इंजिन बंद, डोळा उघडा

तमामला लग्न होऊन या घरात येऊन आठ दिवस झाले होते, तेव्हा तिने सासऱ्याचं आणि नवऱ्याचं भांडण ऐकलं. स्वयंपाकघराची खिडकी खालच्या दुकानावर उघडायची आणि नव्या सुनेला कांदे सोलायला खिडकीशीच बसवलं होतं. कांदे राहिले बाजूला. खाली सासरा गरजत होता.

“गाढवा, वायर त्या दूधवाल्याने ओढली! स्वतःच्या हाताने ओढली! आपला काय संबंध?”

“मी त्याला सांगितलं होतं, हॉर्न अडकणार नाही.”

“मग?”

“अडकला.”

दूधवाल्याच्या गाडीला मिफ्लेहने, तिच्या नवऱ्याने, नवा हॉर्न बसवून दिला होता. त्याच दिवशी ती गाडी एका मयताच्या मांडवापुढून चालली असता हॉर्न जो वाजायला लागला तो थांबेचना. कुराण पढणारा मध्येच गप्प झाला, मयताचे भाऊ मांडवातून धावत बाहेर आले आणि दूधवाला गाडी तिथेच टाकून ऑलिव्हच्या झाडांत पळाला.

“आता सात किलोमीटर चालत जाणार तू? उन्हात?”

“जाणार.”

“आणि त्या लोकांना काय सांगणार?”

“हॉर्न मी लावला म्हणून.”

“जा तर मग! येताना डोकं तिथेच पुरून ये, तसंही तुला त्याचा काही उपयोग नाही!”

हत्यारांची पेटी उचलल्याचा खडखडाट तमामने ऐकला. तिच्या बापाने मुलगा शांत आहे, निर्व्यसनी आहे, कामाचा आहे एवढं सगळं चौकशी करून सांगितलं होतं. मुलगा हट्टी खेचर आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे चाळीसेक वर्षं त्या खेचराबरोबर तिने काढली, चार मुलं वाढवली, सासू-सासरे पोचवले. थोरल्या मुलाच्या नावाने तो अबू रकान, म्हणजे रकानचा बाप, झाला आणि ती उम्म रकान, रकानची आई. अजलूनच्या डोंगरातलं उम्म-अल-लोज हे त्यांचं गाव, आणि बसथांब्याच्या टोकाला ते दुकान. दुकानावर पाटी नव्हती. गाडीतलं काहीही पेटेनासं झालं, विझेनासं झालं की लोक मिफ्लेहकडे येत. तो कमी बोलायचा. काम संपलं की सीटवर पडलेला आपल्या बुटाचा ठसा फडक्याने पुसायचा आणि म्हणायचा, “आता त्रास देणार नाही.” एवढंच. गाडीवाल्यांना त्या चार शब्दांपुढे कागदाची गरज वाटत नसे. आणि त्रास झालाच, तर मिफ्लेह पेटी घेऊन स्वतः दारात हजर. तमाम म्हणायची, “लोक मुलींना सोनं देतात, तू सगळ्या जिल्ह्याला शब्द देतोस.”

मग कॅमेऱ्यांचा हुकूम आला.

मार्गावरच्या प्रत्येक प्रवासी बसमध्ये चार कॅमेरे बसवायचे. एक रस्त्याकडे, एक ड्रायव्हरकडे, दोन आत, माणसांकडे. ज्या कंपनीला ठेका मिळाला ती इर्बिद शहरात बसून पडद्यांवर सगळ्या बसगाड्या बघणार. बसवायचं काम गावोगावच्या वायरमननी करायचं, पण आधी दोन दिवस इर्बिदला जाऊन शिकून यायचं. मिफ्लेह गेला आणि गळ्यात दोरीचं कार्ड घालून परत आला. कार्डावर त्याचा फोटो होता. फोटोत तो कडू काही गिळल्यासारखा दिसत होता, पण तमामने बघितलं, घरात जेवतानासुद्धा कार्ड गळ्यातून निघत नव्हतं.

त्याला ते यंत्र वाईट वाटलं नव्हतं, हे सांगायलाच हवं. उलट तो खूश होता. म्हणायचा, ड्रायव्हर उतारावर सिगारेट पेटवणार नाहीत, गर्दीत पिशव्या कापणारे घाबरतील, अपघात झाला तर खोटं कोण बोलतंय ते कळेल. चौतीस बसगाड्या त्याच्या वाटणीला आल्या. एकेका गाडीला तो पूर्ण दिवस देई. वायर छताच्या अस्तराखालून अशी नेई की नख लावूनही सापडू नये.

थियाबची बस मात्र वेगळी होती.

थियाब साठीचा, जाडजूड आणि कायम सर्दी झालेला ड्रायव्हर. त्याची सकाळी सहाची पहिली खेप शिलाईच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांची. या खेपेला पुरुष चढत नसत. तसं लिहिलेलं कुठेच नव्हतं, पण एखादा परगावचा चढलाच तर थियाब त्याला नाक पुसत सांगे, “भाऊ, पुढची बस छान आहे.” आणि गाडी सुरू करण्याआधी थियाब आपला आतला आरसा छताकडे वळवून ठेवी. त्याच्या बापानेही तेच केलं होतं. मागे बसलेल्या बायका आणि आपण यांच्यात भिंत नाही, तर आपला डोळाच वळवायचा, एवढा साधा हिशेब.

वाटेत ओकच्या झाडीतल्या वळणावर, झऱ्यापाशी, तो गाडी उभी करी, इंजिन बंद करी आणि टपरीवर सेजपत्तीचा चहा प्यायला जाई. बरोबर दहा मिनिटं. ही दहा मिनिटं बायकांची. पहाटे उठून भाकऱ्या थापून, मुलांना उठवून, सासूच्या गोळ्या काढून ठेवून धावत आलेल्या बायका तेव्हा कुठे श्वास घेत. कुणी डोक्याचा रुमाल सोडून नीट पिना लावी, कुणी कारखान्याच्या पाळणाघरात ठेवायच्या तान्ह्याला पाजे, कुणी लबने, म्हणजे घट्ट दही, लावलेली भाकरी खाई, कुणी नुसतीच रडून घेई. आणि नोफा सगळ्यांना हसवी.

नोफा तिशीतली विधवा, दोन मुलींची आई, सासऱ्याच्या घरी राहणारी. नक्कल करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. कारखान्यातला मुकादम पोट पुढे काढून शिट्टी कशी वाजवतो, खुर्चीवरून उठताना कसा कण्हतो, हे ती असं करी की पोरींच्या भाकऱ्या घशात अडकत.

मिफ्लेह थियाबच्या बसमध्ये वायर ओढत होता त्या दिवशी नोफा दोघी-तिघींना घेऊन दुकानाशी आली. तमाम खिडकीत होती.

“अम्मो,” नोफा म्हणाली, कारण गावातल्या सगळ्या मुली मिफ्लेहला काकाच म्हणत, “हा तुझा काचेचा डोळा आमच्याकडेच बघणार का दिवसभर?”

“बस चालू असेल तोवर.”

“आणि झऱ्यावर? इंजिन बंद असताना?”

मिफ्लेहने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “इंजिन बंद की डोळा बंद. बघ, हा लाल दिवा विझला, म्हणजे झोपला.” त्याने किल्ली फिरवून दाखवली. दिवा विझला.

“नक्की?”

“नक्की. माझा शब्द आहे.”

नोफाने वर खिडकीकडे पाहिलं. “मावशी, तू काय म्हणतेस? विश्वास ठेवू का तुझ्या म्हाताऱ्यावर?”

“बाकी कशावर ठेवू नकोस,” मावशीच्या तोऱ्यात तमाम म्हणाली, “पण दिव्या-वायरीच्या बाबतीत ठेव.”

हे वाक्य तमामला पुढे किती दिवस जेवू देणार नव्हतं, ते तिलाच ठाऊक.

कॅमेरे लागल्याला दोन महिने झाले असतील. एका गुरुवारी दुपारी शेजारीण मोबाइल नाचवत आली. “उम्म रकान, बघितलंस का? सगळा जिल्हा बघतोय!” तमामने बघितलं. बसची सीटं. नोफा, रुमाल खांद्यावर, केस मोकळे, पोट पुढे काढून दोन सीटांच्या मधून मुकादमासारखी चालत होती, आणि मागे सगळ्या बायका हसून लोळत होत्या. एकीच्या मांडीवर तान्हं होतं, पीत होतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘कारखान्यात जाऊन या काय करतात बघा.’

काय करत होत्या? हसत होत्या! चौदा तास राबणाऱ्या बायका दहा मिनिटं हसल्या, हा यांना गुन्हा दिसला! आणि दिसला तोही कुणाला? ज्यांच्या बुडाखालची गादी बायकांनी उन्हात टाकली नाही तर पावसाळाभर ओली राहील, अशा पुरुषांना. एकाने दुसऱ्याला पाठवलं, दुसऱ्याने दहाजणांना. प्रत्येकाने वर ‘अल्ला आपल्या मुलीबाळींना राखो’ असं लिहिलं, आणि लिहून पुढे ढकललं. मशिदीत पहिल्या ओळीत उभे राहणारेही त्यात होते. तमाम त्यांची नावं घेऊ शकते, घेत नाही, कारण त्यांच्या आया अजून जिवंत आहेत.

नोफाच्या दिराने, सायेलने, तिच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि सांगितलं, कारखाना बंद. घराबाहेर पाऊल नाही. मुलींना शाळेत तो स्वतः सोडेल. आणि सोडतही नव्हता. त्या मुलींचं दप्तर, औषध, बूट सगळं नोफाच्या शिलाईवर चालायचं, हे बोलायची कुणाला गरज वाटली नाही. तिला मात्र सकाळ-संध्याकाळ ऐकवलं जाई, “मेलेल्या भावाचं नाव बुडवलंस.”

याहून वाईट घडलं ते बसमध्ये. फिल्म कुणी घेतली? मोबाइलवरच घेतली असणार. म्हणजे आपल्यातलीच कुणीतरी. पहिल्या खेपेला आता कुणी कुणाशी बोलेना. भाकऱ्या पिशवीतच राहू लागल्या. दोन सख्ख्या बहिणी एकमेकींच्या मोबाइलवर नजर ठेवून बसत. झऱ्यावर थियाब उतरे, आणि मागे सगळ्या दगडासारख्या.

तमामनेच ती फिल्म मिफ्लेहला दाखवली. त्याने चष्मा लावला, एकदा पाहिली आणि नजर बायकांवरून काढून कोपऱ्यात नेली. मोबाइल उलटा धरला, सरळ धरला.

“हे कुणी हातात धरून घेतलेलं नाही. डावीकडून, वरून आहे. दाराच्या वरून.”

“म्हणजे?”

“तो स्क्रू दिसतोय का कोपऱ्यात? तो मी लावलाय.”

“पण तू तर म्हणाला होतास...”

“काय म्हणालो होतो ते माहीत आहे मला,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत तो तिच्यावर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. तेव्हा बोलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी थियाबची बस दुकानापुढे रिकामी उभी होती. मिफ्लेह तमामला घेऊन आत जाऊन बसला. किल्ली काढली. लाल दिवा विझला. “आता बस नुसती,” तो म्हणाला. दोघं बसले. उकडत होतं. थोड्या वेळाने मिफ्लेहने डोक्याचं फडकं काढून टकलावरचा घाम पुसला, मग कवळी काढून तीही पुसली. तमाम त्याला रागावली. मग काळजीने तिची जीभ सुटली आणि सुटली ती सुटलीच. नोफाच्या सासऱ्याकडे, हाजी नायलकडे जाऊन बोलायला हवं, पण जायचं कसं, त्या घरची कॉफी म्हणजे मोजे धुतलेलं पाणी, असं काय काय.

अर्ध्या तासाने मिफ्लेहने कॅमेऱ्याच्या पेटीतून चिप काढून आपल्या हातातल्या छोट्या पडद्यात घातली. पडद्यावर दोन म्हातारी माणसं बसली होती. एकाच्या हातात दात होते. दुसरी बोलत होती, आणि मोज्यांचं पाणी स्वच्छ ऐकू येत होतं.

त्याने छताचं अस्तर खोलून दोन वायरी बाहेर ओढल्या. एक किल्लीकडे जाणारी. दुसरी, पिवळी, थेट बॅटरीकडे. शिकवणीत सांगितलं होतं, पिवळी वायर घड्याळ चुकू नये म्हणून. त्याने विश्वास ठेवून चौतीस बसगाड्यांत ती पिवळी वायर जोडली होती. घड्याळ कसलं! किल्ली काढल्यावर अर्धा तास डोळा उघडाच राहत होता, फक्त दिवा विझत होता. चोर पण निदान तोंड झाकतो म्हणजे लाज असते त्याला. इथे दिवा विझवून बघणं आधीच ठरलेलं!

दोघं इर्बिदला गेले. कंपनीच्या कचेरीत थंड हवा होती आणि कार्पेट होतं. ज्याने शिकवलं होतं तो इंजिनिअर लुऐ, गुळगुळीत दाढीचा, त्यांना बघून उठलाही नाही.

“ते पुस्तिकेत आहे, हाजी. पान एकतीस.”

“पुस्तिका इंग्रजीत आहे, बाळा. तू तोंडाने घड्याळ म्हणालास.”

“उभ्या गाडीचीही सुरक्षा असते.”

“असू दे. फिल्म बाहेर कुणी काढली?”

“चौकशी चालू आहे.” मग तो जरा पुढे झुकला. “हे बघा, तुम्ही आमचे मान्यताप्राप्त माणूस. एक कागद आहे. त्यात एवढंच लिहायचं, की तुम्ही तपासलं, आणि फिल्म कुणा प्रवाशाच्या मोबाइलची वाटते. विषय संपला. कार्ड तुमचंच राहील.”

मिफ्लेह कागदाकडे बघत राहिला. लुऐला वाटलं, म्हातारा वळतोय. म्हणून त्याने वर एक वाक्य ठेवून दिलं, “आणि खरं सांगू? बस म्हणजे सार्वजनिक जागा. बायकांनीही थोडं सांभाळून वागावं.”

तमामच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सांभाळून?” ती उभी राहिली. “अरे, थियाबच्या बापाला वाचता येत नव्हतं. त्याला कळलं आरसा कुठे फिरवायचा! तू एवढी शाळा शिकलास आणि भिंतीआडून बायकांचे केस बघत बसलास? वर आम्हालाच शिकवतोस? तुझ्या आईला घेऊन ये इथे, मी तिला विचारते, किती दिवस पाजलं याला, आणि कुठे कुठे बसून पाजलं!”

बाजूच्या टेबलांवरची माणसं पडद्यात डोकं घालून बसली. फिल्म बाहेर काढणारा त्यांतलाच एक असेल. तमामने एकेकाकडे पाहिलं. कोणीही वर बघितलं नाही.

मिफ्लेहने गळ्यातलं कार्ड काढून कागदावर ठेवलं. “माझं लिहिणं वाईट आहे,” तो म्हणाला, “मी तोंडानेच सांगेन. गावात.”

जाहा, म्हणजे समेटाची बोलणी करणारी मंडळी, नेताना रीत अशी असते की मानाची माणसं पुढे घालून दुखावलेल्या घरी जायचं. यजमान कॉफी ओततो. पाहुणा पेला पुढ्यात ठेवून देतो, पीत नाही. मागणी मान्य झाली तरच पितो. न पिता उठला, तर त्या घराला तो मोठा बट्टा. मिफ्लेहकडे मानाची माणसं नव्हती. एक थियाब होता, नाक ओढणारा, आणि एक मशिदीत बांग देणारा म्हातारा मुअज्जिन. जुम्म्याच्या नमाजानंतर हे तिघे हाजी नायलच्या बैठकीत जाऊन बसले. बातमी लागल्याने गावातले वीसेक पुरुष आधीच येऊन बसले होते. फुकट तमाशा कोण सोडतो? तमाम पडद्यामागे बायकांत होती. नोफा तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती. तिचे हात सारखे काहीतरी शिवल्यासारखे हलत होते.

कॉफी आली. मिफ्लेहने पेला खाली ठेवला.

“मागणी सांग, अबू रकान,” हाजी नायल म्हणाला.

“नोफाला कामावर जाऊ दे. फिल्म कुणा बाईने घेतलेली नाही. ती माझ्या कॅमेऱ्याची आहे. इंजिन बंद असताना तो बघत नाही असा शब्द मी त्या मुलींना दिला होता. शब्द खोटा निघाला. कुणाला दोष द्यायचा असेल तर मी इथे बसलोय.”

बैठकीत कुजबुज झाली. सायेल उसळला, “हे आता कुणीही म्हणेल! यंत्र बंद असताना बघतं म्हणे!”

मिफ्लेहने छोटा पडदा काढला आणि हाजी नायलच्या हातात दिला. आवाज मोठा केला. तमामला आत ते आठवलं आणि तिने तोंडावर रुमाल ओढला. “या अल्ला,” ती पुटपुटली, “कॉफी!”

पडद्यावर मिफ्लेहने कवळी काढली तेव्हा बैठकीत हशा पिकला. तमामचा आवाज सुरू झाला, आणि मग सगळ्या बैठकीने, यजमानासकट, मोज्यांचं पाणी ऐकलं. मग हाजी नायलची दाढी हलू लागली. तो इतका हसला की मुअज्जिनने त्याची पाठ चोळली.

“म्हणून पीत नाहीयेस होय!” तो म्हणाला. “उम्म रकान! आत आहेस ना? बरोबर आहे तुझं! चाळीस वर्षं मी हेच पितोय!”

आतून त्याच्या बायकोने काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

हशा थांबल्यावर मिफ्लेह बोलला. “तुम्ही हसलात. मी कवळी का काढली, असं एकानेही विचारलं नाही. गाडी बंद होती, आपलीच माणसं होती, उकडत होतं, काढली. नोफाने रुमाल काढला तो याच कारणाने.”

“कवळी आणि बाईचे केस सारखे नसतात,” सायेल म्हणाला.

“नसतात. म्हणून माझी कवळी मी स्वतः इथे आणली. तिचे केस दुसऱ्याने चोरले. तू चोराच्या घरी जाऊन ओरडला नाहीस, सायेल. जिची चोरी झाली तिच्यावर ओरडलास. घरातलीच होती, सोपं पडलं.”

हाजी नायलने पडदा खाली ठेवला. “सायेल, ती फिल्म तुझ्या मोबाइलवर आहे का अजून?”

सायेलचा हात खिशावर गेला.

“किती दिवस झाले?”

“नऊ.”

“नऊ दिवस तिला घरात कोंडलंस, आणि फिल्म खिशात घेऊन फिरलास?” म्हातारा आता हसत नव्हता. “पूस. सगळ्यांनी पुसा. इथे, माझ्यासमोर. मग मी कॉफीचं बघतो.”

वीस मोबाइल निघाले. वीसही! जे सकाळी ‘आम्ही कुठे बघितली’ म्हणत होते त्यांचेही. पडद्याच्या फटीतून तमामने हे पाहिलं, आणि तिला हसावं की जोडा काढावा कळेना.

“शनिवारपासून नोफा कामावर,” हाजी नायल म्हणाला. “पी बाबा, गार झाली.”

मिफ्लेहने ती प्यायली. सबंध.

एवढ्यावर सारं गोड झालं असं कुणी समजू नये. नोफा गेली कामावर, पण मुकादमाने आपली नक्कल पाहिलीच होती. त्याने तिला काजांच्या मशिनवर बसवलं. तिथे डोळे जातात. ती काजं करत राहिली. दोन बायकांच्या घरच्यांनी त्यांना पाठवलंच नाही. ज्याने फिल्म बाहेर काढली तो कंपनीत दुसऱ्या मजल्यावर गेला, असं कानावर आलं. मजला वरचा होता, म्हणजे बढतीच. आणि मिफ्लेहने चौतीस बसगाड्यांतली पिवळी वायर एकेक करून सोडवली म्हणून पोलीस ठाण्यात तीन वेळा उभं राहावं लागलं ते मिफ्लेहला. यंत्रात ढवळाढवळ, म्हणे! त्याने ड्रायव्हरकडचा आणि रस्त्याकडचा डोळा तसाच ठेवला होता. चालू गाडीत आतलेही चालू होते. फक्त किल्ली काढल्यावर झोपायचं, हे यंत्राला शिकवलं होतं. ठाणेदाराने विचारलं, “हा अधिकार तुम्हाला कुणी दिला?” मिफ्लेह म्हणाला, “लावली मीच होती.”

कंपनीचा माणूस महिन्या-दोन महिन्याने येई आणि वायर जोडून जाई. म्हणून दर मंगळवारी पहिल्या खेपेआधी मिफ्लेह थियाबच्या बसमध्ये जाऊन बघून येई. हे चौदा महिने चाललं. गुडघे दुखत, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. तमाम म्हणायची, “रकानला सांग, तो बघेल.” तो म्हणायचा, “शब्द रकानने दिला नव्हता.”

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी दुपारी जेवून तो आडवा झाला आणि उठला नाही. आदल्या दिवशी मंगळवार होता. त्या मंगळवारी सकाळी धुकं होतं. तमामने जाताना त्याला सांगितलं, लबने संपलंय, येताना आण, आणि आंबट आणू नकोस. तो टेस्टरचा दिवा खिशात घालून निघाला. बसच्या पायरीवर उभा राहून त्याने “या सातिर!” अशी हाक दिली, म्हणजे आतल्या बायकांनी रुमाल सावरावेत, आणि खाली मान घालून आत गेला. दारावरचं झाकण खोललं. पिवळ्या वायरीच्या टोकाला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. उजव्या डोळ्याजवळ नेऊन पुन्हा पाहिलं. नाहीच लागला, वायर मेलेलीच होती.

“झोपलाय,” तो म्हणाला.

“अल्ला तुझे हात राखो, अम्मो,” मागून कुणीतरी म्हणालं.

त्याने झाकणाचे चारही स्क्रू आवळले, सीटवरचा बुटाचा ठसा फडक्याने पुसला आणि खाली उतरला. थियाबला हाताने ‘चल’ अशी खूण केली. मग नाक्यावरच्या दुकानात जाऊन बोटाने चाखून अर्धा किलो लबने घेतलं, आणि घरी आला.